थोरल्या जोड्यात बसलेला पाय

तर जोडा बसला. काल इथपर्यंत आलो आणि चहा आला, म्हणून राहिलं. गेल्या दसऱ्याला श्यामसुंदरचा पाय त्याच्या पणजोबांच्या लाल मखमली जोड्यात टाच टेकून बसला, आणि त्याच्या बायकोनं, जानकीनं, लगेच पेढे वाटले. मीही दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. खंडेराव गेटजवळचं हे घर, पेशव्यांच्या वेळी कारकुनीला इकडे हिंदी मुलखात आलेलं. श्यामसुंदर छावणीच्या दफ्तरात बाबू, वय सेहेचाळीस, मला काका म्हणतो. ह्या घरातले पुरुष दसऱ्याला शमीपूजनाला निघताना तो जोडा पायात घालून बघतात. तरुणपणी सगळ्यांना ढिला. मग पन्नाशीच्या आसपास कधीतरी पाय भरतो, जोडा बसतो, आणि तो माणूस घरचा कर्ता ठरतो. साखरेचा आजार घरात पिढीजात. पण साखरेचा आणि पायाचा संबंध कुणी लावला नव्हता. मी तर नाहीच.

तो लावला त्याच्या लेकीनं, बकुळनं. ती पॅथॉलॉजीत काम शिकते. मराठी समजते सगळी, बोलते हिंदी. बापापुढे खाली बसून तिनं त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला. कणकेत राहतो तसा खळगा राहिला.

"पापा, ये भरा नहीं है, सूजा है."

"तुझ्या आजोबांचाही असाच होता," श्यामसुंदर हसत म्हणाला.

"और दादाजी गए कैसे?"

 पेढ्यांचं ताट जानकीच्या हातात तसंच.

मी एरच खेड्यातल्या शाळेत जेमतेम शिकलेला, पण तीनपर्यंत मोजता येतं. त्याच्या आजोबांना जोडा बसला, त्यानंतर ते दोन दसरे जगले. वडिलांना बसला, ते तीन. दोघांचंही शेवटी अंग सुजलेलं, अन्न नकोसं, लघवी थेंबभर. वडिलांच्या लघवीला फेस यायचा, तर ते म्हणायचे, "म्हैस आटली, आता मीच दूध देतोय." आम्ही हसायचो. पोट धरून हसायचो.

हे सगळं मी तिथंच मोठ्यानं बोलून गेलो. माझी जीभ अशीच.

दुसऱ्या दिवशी बकुळनं त्याला दवाखान्यात नेलं. लघवी तपासली, रक्त तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, "पिताजी को किडनी की तकलीफ थी?" श्यामसुंदर म्हणाला, "जी नहीं, उन्हें जूता आ गया था."  मग बकुळनं सांगितलं सगळं.

मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलंय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं औषधानं, साखर आणि रक्तदाब आवरून, मीठ तोडून सांभाळायचं. साखर असलेल्या प्रत्येकाचं असं होत नाही, पण ज्या घरात एकदा झालं तिथं पुढच्यांना धोका जास्त. "बिटिया की शुगर भी हर साल देखिए," डॉक्टर म्हणाले. तोवर हसत उभा असलेला श्यामसुंदर तेव्हा स्टुलावर बसला.

आता दसरा पुन्हा महिन्यावर आलाय. जोडा ह्या वर्षी पेटीत गेलाच नाही, त्याच्या पलंगाखाली असतो. सूज कळावी म्हणून रोज चहाच्या आधी तो त्यात पाय घालून बघतो. आज सकाळी गेलो तर पलंगावर बसलेला, एकच पाय खाली सोडून.

"काय रे, ढिला आहे ना?" मी विचारलं.

"डावा ढिला आहे, काका. उजवा अजून घातला नाही."