पिवळी बस आणि आबांची टोपी

शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर थांबली की आबा चालता चालता उभे राहत आणि डोक्यावरची लोकरीची टोपी काढून हातात धरत. बस गेली की टोपी घालत आणि पुढे निघत. थंडी उणे वीस असली तरी.

इथला नियम असा, की बस थांबून तिच्या अंगावरचा लाल फलक बाहेर आला की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं. पोरं चढेपर्यंत, उतरेपर्यंत कोणी हलायचं नाही. पण हा नियम गाड्यांना आहे, कडेने चालणाऱ्या म्हाताऱ्याला नाही. टोपी तर कोणालाच काढावी लागत नाही. मी तेव्हा नवीन होते. मला वाटलं, रस्त्याने मयत चाललंय. आमच्या गावी मयत दिसलं की माणसं अशीच थांबतात आणि टोपी काढतात. मी खिडकीतूनच हात जोडले. बसमधल्या एका पोराने मला उलट हात हलवून दाखवला.

हे गाव अमेरिकेच्या अगदी वरच्या टोकाला, मेन राज्यात, नदीकाठी आहे. नदीपलीकडे कॅनडा. माझी सून मेघना इथल्या लहानशा हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मुलगा घरात बसून कॉम्प्युटरवर काम करतो. नात सई शाळेत जाते. अमेरिकेतली मराठी माणसं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ढोल-ताशे, गणपती आणि देसी दुकानं येत असतील. इथे तसं काही नाही. इथे बटाटे आहेत. मी सातगाव पठारावरची, बटाट्याच्या रानात वाढलेली. इतका लांबचा विमानप्रवास करून मी पुन्हा बटाट्यातच उतरले.

गावातली जुनी माणसं अकेडियन. म्हणजे मूळची फ्रेंच बोलणारी शेतकरी मंडळी. फार पूर्वी इंग्रजांनी त्यांना समुद्राकाठच्या जमिनीवरून हाकलून दिलं, तेव्हा काही कुटुंबं या नदीने वर येत येत इथे थांबली. आबा त्यांच्यातले. आमच्या शेजारच्या घरात एकटे राहत. वय नव्वदीला टेकलेलं. तरुणपणी ते राज्याच्या विधिमंडळात होते आणि तिथे त्यांनी काय केलं हे गावात कोणीही सांगतं. शाळेत फ्रेंच बोलायला बंदी होती, ती त्यांनी उठवली. आणि श्रीमंत गावातल्या पोराच्या शाळेवर जेवढा खर्च होतो तेवढाच गरीब गावातल्या पोराच्या शाळेवर व्हायला हवा, असा कायदा आणला. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सगळ्यांना सारखं." सफरचंदाचा केक कापतानाही ते हे म्हणत आणि तुकड्यांकडे इतका वेळ बघत बसत, की केक गार होई.

गाव त्यांना सेनेटर म्हणे. मी आबा म्हणायचे. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला म्हणतात."

"सेनेटरपेक्षा खरं आहे," ते म्हणाले.

माझं इंग्रजी दुकानापुरतं. ते माझ्याशी सावकाश बोलत. मला कळलं नाही तर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणत, फक्त आणखी सावकाश. शेवटी मला कळायचंच.

पहिल्यांदा घरी आले ते कुट्टूच्या पिठाची धिरडी घेऊन. ही माणसं ती रोज खातात. मला उपासाची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या चुलीपाशी उभं करून ती शिकवली. पातळ पीठ तव्यावर ओतायचं, वर बारीक भोकांचे डोळे पडू द्यायचे आणि काढायचं. मी सवयीने उलथनं घातलं आणि धिरडं उलटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही धिरडी उलटत नाहीत. त्यांच्या आईने कधी उलटली नाहीत, आईच्या आईने नाहीत. ते खुर्चीवर बसले, ते धिरडं मुकाट्याने खाल्लं, आणि म्हणाले, "मादाम, याला आता पॅनकेक म्हणायचं."

राजकारणात कशाला गेलात, असं त्यांना कोणी ना कोणी विचारायचंच. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. पहिलीत असताना त्यांनी बाईंना बाहेर जाऊ का असं विचारलं, पण फ्रेंचमध्ये, कारण दुसरी भाषा धड येत नव्हती. बाई म्हणाल्या, इंग्रजीत विचार. इंग्रजी शब्द आठवेपर्यंत वेळ निघून गेली. "लोक मोठमोठ्या कारणांसाठी राजकारणात जातात," आबा म्हणत, "मी लघवीसाठी गेलो." हे ते सत्काराच्या भाषणातही सांगत. त्यामुळे सत्कार कमी होत गेले.

मलाही त्यांनी एकदा विचारलं, "तुमची शाळा किती झाली?"

"चौथी."

"का?"

"आमच्या वाडीत चौथीपर्यंतच होती. पुढची शाळा घाट उतरून होती."

"आणि बस?"

मला हसू आलं. "बस कुठली आबा? वाटसुद्धा नव्हती धड."

ते हसले नाहीत.

त्यांनी केलेल्या कायद्याची एक दुसरी बाजू होती, ती मला टोपीमुळे कळली. टोपीला भोक पडलं म्हणून ते ती माझ्याकडे रफू करायला घेऊन आले. राखाडी लोकर, काठाला लाल पट्टी. वीण फार सुबक होती. मी म्हटलं, "कोणी विणली?"

"बहिणीने."

"कुठे असतात त्या?"

"चर्चच्या मागे. जमिनीत."

मग सांगितलं. खर्च सारखा करायचा म्हणजे शाळा एकत्र करायला हव्या होत्या. वाडीवाडीवर एका खोलीच्या शाळा होत्या, एकच शिक्षिका सगळ्या वर्गांना शिकवायची. आबांनी घरोघर जाऊन आयांना सांगितलं, भिंतींपेक्षा पोरं महत्त्वाची, मोठी शाळा बांधू, दाराशी बस येईल. शाळा बंद झाल्या, मोठी बांधली, बस आली. बंद झालेल्या एका शाळेतली शिक्षिका म्हणजे त्यांची थोरली बहीण.

"ती म्हणाली, तुझी शाळा बंद होईल तेव्हा तुला कळेल. त्यानंतर बोलली नाही."

"कधीपर्यंत?"

"मरेपर्यंत."

"मग टोपी?"

"दर हिवाळ्यात एक पाठवायची. दुसऱ्याच्या हाती. चिठ्ठी नाही, काही नाही." त्यांनी टोपी माझ्या हातून घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "ही शेवटची. नीट शिवा."

मी नीट शिवली.

पुढे एका हिवाळ्यात ती मोठी शाळा बंद करायची गोष्ट निघाली. गावात पोरंच उरली नव्हती. दोन दोन वर्ग एकत्र बसत. विज्ञानाचे शिक्षक सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी यायला कोणी तयार नव्हतं. नदीच्या खालच्या अंगाला मोठी शाळा होती, तिथे प्रयोगशाळा होती, बँड होता, पण बसने जवळजवळ तासभर लागे. आमच्या गावच्या शाळेच्या व्यायामशाळेवर, म्हणजे खेळायच्या मोठ्या हॉलवर, आबांचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत. लोक म्हणाले, सेनेटर उभे राहिले की शाळा वाचेल.

मेघनालाही तसंच वाटत होतं. ती त्यांच्याकडे जाऊन म्हणून आली, "काका, यू हॅव टू स्पीक." घरी येऊन मला म्हणाली, "आई, ते नक्की बोलतील. स्वतःच्या नावाची शाळा कोण बंद करू देईल?"

आबा मात्र काही बोलत नव्हते. त्या दिवसांत त्यांनी मला तीच गोष्ट दोनदा विचारली. "तो घाट, मादाम. बस असती तर वडिलांनी पाठवलं असतं?"

मी म्हटलं, "असतं बहुतेक."

इथे मार्चमध्ये गावसभा भरते. आपल्या ग्रामसभेसारखीच, फक्त इथे लोक येतात. उठून कोणीही बोलावं, मग हात वर करून मतदान. ज्यांना मत नाही त्यांनी भिंतीकडच्या खुर्च्यांवर वेगळं बसायचं. मेघनाला मत होतं, मला नव्हतं. मी भिंतीशी बसले. माझ्या शेजारी पेपरचा वार्ताहर आणि नदीपलीकडून गंमत बघायला आलेलं एक जोडपं. सभा त्याच व्यायामशाळेत होती. आबांचं नाव माझ्या डोक्याच्या वर होतं.

लोक बोलले. एक आई म्हणाली, माझं पोर अंधारात निघेल आणि अंधारात येईल. एक जण म्हणाला, शाळा गेली की गाव गेलं. त्याला टाळ्या पडल्या. मग आबा टोपी हातात घेऊन काठी टेकत उठले.

आधी ते फ्रेंचमध्ये बोलले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. तरुण मंडळी वाट बघत राहिली, त्यांना फ्रेंच येत नव्हतं. कोणी त्यांना बंदी केलेली नव्हती, तरी येत नव्हतं. मग इंग्रजीत म्हणाले, "मी तुमच्या आजीआजोबांच्या शाळा बंद केल्या. त्यांना म्हटलं, भिंतींपेक्षा पोरं महत्त्वाची. आता भिंतीवर माझं नाव आहे, म्हणून वेगळं सांगू?"

त्यांनी काठीने वर नावाकडे दाखवलं.

"खालच्या शाळेतल्या पोराला विज्ञान मिळतं. आपल्याला मिळत नाही. हे सारखं नाही." मग त्यांनी टोपी धरलेला हात माझ्या दिशेला केला. "त्या बाईंची शाळा चौथीत सुटली. लोक म्हणतील, पुढची शाळा लांब होती. लांब असण्याने शाळा सुटत नाही. बस नसण्याने सुटते. आपल्याकडे बस आहे."

सगळं गाव माझ्याकडे वळून बघू लागलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. खरं तर माझी शाळा सुटायला आमच्या शेळ्याही कारण होत्या, पण तेवढं मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मतदान झालं. बंद करायच्या बाजूने पहिला हात आबांचा. मग पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे, एकेक करून. मग मागचे. मेघनाने विरुद्ध हात वर केला आणि तो गरजेपेक्षा जास्त वेळ वर ठेवला. शाळा बंद झाली.

दारात त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "तुझी बहीण आज असती तर पोट धरून हसली असती."

"ती असती तर माझा हात वर गेला नसता," आबा म्हणाले, आणि बूट घालायला खाली वाकले. त्यांना वेळ लागला. कोणी मदत केली नाही. मी केली.

मेघना गाडीत म्हणाली, "आई, तुमचं नाव पुढे करून त्यांनी सईला तासभर बसमध्ये बसवलं."

मी म्हटलं, "नाव नाही घेतलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या दाराशी उभे. "मादाम, चर्चच्या मागे जायचंय. बर्फ फार आहे. हात द्याल?"

आम्ही दोघं हळूहळू गेलो. बहिणीचा दगड निम्मा बर्फात होता. त्यांनी हातमोज्याने वरचा बर्फ झाडला, टोपी काढली आणि फ्रेंचमध्ये थोडंसं बोलले. मग माझ्याकडे वळले.

"तिला सांगितलं. सारखं झालं."

"मग?"

"अजून बोलत नाही."

मी त्यांच्या हातून टोपी घेतली आणि त्यांच्या डोक्यावर घातली. कान उघडे होते.

व्यायामशाळेत आता रस्त्यावरच्या बर्फावर टाकायचं मीठ ठेवतात. वर आबांचं नाव आहे, खाली मीठ. नाव काढायचं का, असं गावाने त्यांना विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या. मीठ सगळ्यांना लागतं." सई बसने खालच्या शाळेत जाऊ लागली. तिथल्या बँडमध्ये ती ट्रॉम्बोन हे लांब पितळी वाद्य वाजवायला शिकली. हे चांगलं झालं की वाईट, ते आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. मेघना काही महिने आबांशी तुटक बोलत होती. एकदा त्यांचं ब्लडप्रेशर बघायला गेली, ती येताना केकचा तुकडा घेऊन आली. म्हणाली, "मोजून दिलाय." मग बोलू लागली.

पुढच्या जानेवारीत आबा गेले. झोपेतच. इथे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठते, खड्डा खणता येत नाही. म्हणून हिवाळ्यात गेलेल्या सगळ्यांना स्मशानातल्या एका दगडी खोलीत ठेवतात आणि बर्फ वितळला की पुरतात. श्रीमंत असो, गरीब असो, मेपर्यंत सगळे त्या एकाच खोलीत. मला वाटलं, हे आबांना पटलं असतं.

मे महिन्यात दुपारी त्यांना बहिणीशेजारी न्यायचं ठरलं. चर्चमधली प्रार्थना लांबली. पुढे शवपेटीची काळी गाडी, मागे गावातल्या सगळ्या गाड्या, दिवे लावलेल्या. आमची गाडी तिसरी होती. आमच्या कोपऱ्यापाशी आलो तर समोरून पिवळी बस आली, थांबली, आणि तिचा लाल फलक बाहेर आला.

काळी गाडी थांबली. तिच्यामागे सगळ्या गाड्या थांबल्या. कोणी हॉर्न दिला नाही. बसमधून सई उतरली, पाठीवर दप्तर, हातात ट्रॉम्बोनची लांबलचक पेटी. तिने आमच्याकडे पाहिलं, मग काळ्या गाडीकडे, आणि रस्ता ओलांडू लागली. घाई केली नाही तिने. पेटी जड असते ती.

आमच्या पुढची गाडी थोडी कडेला होती, त्यामुळे मला काळ्या गाडीच्या मागच्या काचेतून आतलं दिसत होतं. शवपेटीवर आबांची टोपी काढून ठेवलेली होती. मी शिवलेली बाजू आमच्याकडे होती.