कलेक्टरीणबाईचं पाळणाघर

माझी नोकरी टिकली ती कलेक्टरीणबाईमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी अजूनही घाबरते आणि घाबरले की मुद्दाच विसरते. ती कसली कलेक्टर, आमच्या सूत गुंडाळायच्या कारखान्यात आमच्यासारखीच कामगार. पण कोणी नियम सांगितला की कमरेवर हात ठेवून विचारायची, "कुठं लिवलं हाये? दाखवा." तिला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं. बायकांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव तिनं मोठ्या तोऱ्यात मिरवलं.

मी सातवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन नगरकडून नागपुरात आलेली. इथलं 'मले, तुले' ऐकून पहिले काही महिने नुसती मान हलवायचे. नवऱ्याचं काम सुटलं होतं. पाच महिन्यांची लेक आमच्या नंदनवन वस्तीत शेजारणीकडे ठेवून मी कामावर जायचे, आणि एक दिवस शेजारणीनंही हात जोडले. आता काम तरी सोडायचं, नाही तर लेकीला गावी धाडायचं.

"काहून रडून राहिली वं?" कलेक्टरीणबाईनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

त्याच आठवड्यात कामगार बायकांच्या लेकरांची सोय आहे का ते बघायला सरकारी साहेब तपासणीला येणार होते. ऑफिसातल्या बाबूनं निरोप फिरवला, उद्या आपापली लेकरं आणा. गोदामातली पोती हलली, लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या, दारावर ताजी रंगवलेली पाटी ठोकली. दर तपासणीला असंच व्हायचं म्हणे. साहेब चहा पिऊन गेले की दुसऱ्या दिवशी पोती परत जागेवर.

या खेपेला साहेब गेल्यावर संध्याकाळी कलेक्टरीणबाईनं सगळ्यांना बजावलं, उद्याही लेकरं आणायची. सकाळी माझी लेक कडेवर घेऊन ती पुढे, आम्ही मागे. बाबू दारात आडवा आला. परवानगी कालच्यापुरतीच होती म्हणाला.

"काल चाललं, मंग आज काहून नाई, बाबूजी?" मग माझ्याकडे वळली. "पाटी वाच वं. मोठ्यानं."

मी वाचलं, "पाळणाघर."

"आयकलं? तुमीच लिवलं हाये."

आणि आत जाऊन तिनं लेकीला झोळीत निजवलं. बाबूचा आवाज चढला, पण दुपारपर्यंत एकही यंत्र फिरलं नाही. शेवटी पोत्यांनाच दुसरी जागा शोधावी लागली.

तिला स्वतःचं मूल नव्हतं. दुपारी पायानं झोळी हलवत भाकर खायची आणि म्हणायची, "मालकायले बाईचे हात पायजेत, कडेवरचं लेकरू नाई पायजे."

वर्षभरात तिला म्हातारी ठरवून काढलं. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं, ऑफिसनं ते साठ लिहून टाकलं. त्या दिवशी आम्ही कोणीच यंत्र बंद केलं नाही. मी तर मानही वर केली नाही. जाताना ती माझ्यापाशी थांबली. "काम सोडू नको वं," एवढंच म्हणाली.

नाही सोडलं. लेक आता शाळेत जाते. कलेक्टरीणबाई भिवापूरला भाच्याकडे असते, मिरच्या खुडते, असं कळलंय. एक दिवस जाऊन तिला माझ्या खोलीवर घेऊन येणार आहे, कायमची. घरात कोणाला विचारणार नाही.