मागून हाक

जाफराबादेत कुणाला शुभकामाला निघायचं असलं, की तो कचरूआबांचं घर चुकवून जाई. नवरदेव असो की परीक्षेला निघालेली पोर, म्हातारा हटकून मागून ओरडायचा, "ओऽ, जरा थांबा!" माणूस चरफडत वळला, की नुसतं "या आता" म्हणायचा. लोक तोंडावर बोलायचे. बोलणाऱ्यांचं काय जातंय!

खरं ठाऊक होतं ते एकुलत्या लेकीला, प्रभावतीला. आबा पूर्वी कोकणात, समुद्रकाठच्या जुन्या दीपगृहावर नोकरीला होते. त्र्याऐंशी साली प्रभावतीचा ताप उतरला, म्हणून तिची आई गोजरबाई नवसाचा नारळ घेऊन कातळावर निघाली. वरच्या सज्जात काचा पुसताना आबांना दिसलं, भरतीचं पाणी तिच्या मागून आत शिरतंय. हाक अगदी ओठांवर आली. पण नवस फेडायला निघालेल्या बाईला मागून टोकायचं कसं? त्यापेक्षा समोरून आडवं जावं, म्हणून हा माणूस जिना उतरत सुटला. खाली पोचला तेव्हा कातळ पाण्याखाली गेला होता आणि नारळ तेवढा तरंगत होता.

"हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती का गं?" आबा जेवता जेवता विचारायचे. घास हातातच राहायचा.

दोन हजार तीन साली प्रभावती नवऱ्याला घेऊन त्या दीपगृहावर गेली. आता तिकीट काढून कुणीही वर चढतं. नवऱ्याला, मच्छिंद्रला, तिनं कातळावर समुद्राकडे तोंड करून उभं केलं. कशासाठी ते सांगितलं नाही, आणि स्वतः वरच्या सज्जात चढली. तिथं सहलीची पोरं फोटो काढत होती. वारा भणाणत होता. देवा, हाक गिळू दे या वाऱ्याला, म्हणत तिनं कठडा धरला आणि ओरडली, "अहोऽ!"

मच्छिंद्र लगेच वळला. हातही हलवला त्यानं.

माहेरी येऊन ती आबांसमोर बसली. "मी हाक मारून पाह्यली, आबा. खाली काहीच ऐकू जात न्हाई. बिलकुल न्हाई."

"बराबर पाह्यलंस?"

"बराबर."

आबा लहान पोरासारखे रडले. मग पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी ती सासरी निघाली. अंगण ओलांडलं तरी मागून हाक आली नाही. तिनंच वळून पाहिलं. आबा ओट्यावर उन्हात निवांत डोळे मिटून बसले होते.

जीप सुटली. वेशीजवळ एक अनोळखी बाई हातात नारळ घेऊन देवळाकडे चालली होती, पाठमोरी. मच्छिंद्र काही विचारायच्या आत प्रभावती जीपमधून अर्धी बाहेर वाकली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "ओऽ बाई, जरा थांबा!"