कलकत्ता ते आंबेगाव

कर्जत स्टेशनात गाडी थांबली ती थांबलीच. पुढे बोरघाटात कडा कोसळून रूळ अडले होते. बाकावर ट्रंक ठेवून मी डोक्याला हात लावला. कलकत्त्याहून निघालो, दोन रात्रींत आगगाडीने अख्खा हिंदुस्थान मागे टाकला आणि आता घराशी आल्यावर वाट बंद! परवा गोरज मुहूर्तावर आंबेगावला माझ्या धाकट्या बहिणीचं, गोदीचं लग्न. आईवडील नव्हते. दादा आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही, असं तिने काकांना बजावलं होतं. देव आहे की नाही, असा प्रश्न त्या घटकेला खरोखर मनात आला.

शेजारी रिकामी टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. बाजारात हिरडा विकून भीमाशंकराजवळच्या आपल्या वाडीला निघालेली. माझी हकिगत ऐकून ती ताडकन उठली. "आरं लेकरा, मंग हितं कशापायी बसलास? माज्यासंगं चल. घाट चढलं की देवाच्या दारात. तितनं आंबेगाव लई लांब न्हाई!"

बाई अनोळखी, वाट अनोळखी. पण मी ट्रंक उचलून तिच्यामागे निघालोच. घाटाच्या पायथ्याच्या खांडस गावापर्यंत बैलगाडी मिळाली. तिथे पाठ टेकून सकाळी आम्ही घाटाला लागलो. उभ्या कड्याला शिडी लावलेली होती, तिच्या मध्यावर मी अडकलो. म्हातारी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन केव्हाच वर पोचली होती. तिथून ती ओरडली, "खाली बगू नगंस! शंभूचं नाव घे आन् पाय उचल!" मी नाव घेतलं, अगदी मोठ्याने, लहान पोरासारखं. पाय उचलला गेला. मग दुसरा.

दुपारी देवळाच्या घंटा कानावर आल्या आणि मला रडूच फुटलं. गाभाऱ्यात उभा राहिलो, पण मागायचं काही सुचेना. बाहेर आलो तर एक गुरव दोन तट्टं घेऊन आंबेगावलाच निघाले होते, एक रिकामंच! मी म्हातारीच्या पाया पडू लागलो. ती मागे सरली. "माज्या कशाला पडतोस? वाट त्याची हाय. मी आपली रोजची जानारी."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना आंबेगावची नदी दिसली, सनई ऐकू आली. मी तट्टू दामटलं. दारात काका गोदीची समजूत घालत होते. मला पाहताच मुंडावळ्या सावरत ती अंगणात धावली. "दादा! घाट बंद हाय म्हनत व्हते, मंग आलास कुठनं?"

"देवाच्या दारातनं," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी नवऱ्या मुलाचा कान मी इतक्या जोरात पिळला की मांडव हसला. हा योगायोग की कृपा, याचा वाद मी कुणाशी घालत नाही. माझी आखलेली वाट बंद झाली, तेव्हा कुणीतरी 'चल' म्हणालं आणि मी उठलो. उठण्याची बुद्धी देवानेच दिली, असं मी मानतो, आणि त्यासाठी हात जोडतो.