आईचं धुणं

मी तान्ही असताना माझी दुपटी काळी पडायची. वाटूरच्या आमच्या घरात याचं एकच कारण मान्य होतं: आईला धुणं येत नाही. म्हणणारी माझी आजी, म्हणजे आईची सासू आणि सख्खी आत्याही. आमच्याकडे भावाची लेक सून करून आणायची चाल. आत्याच्या हुकमानं आई आणखी सोडा घाली, तशी दुपटी आणखीच काळी होत. आजी गेली, पण गल्लीतल्या बायांची चेष्टा राहिली. मी पंचेचाळिशीची झाले तरी आई दोरीवरचा प्रत्येक कपडा उन्हात धरून निरखायची.

मला पाठीनं हैराण केलं होतं. लॅबच्या संडासाची मला किळस, म्हणून सकाळची लघवी घरूनच बाटलीत भरून जालन्याला न्यायचे. एसटी रखडायची. लॅबमधला माणूस बाटलीतली काळपट लघवी उजेडात धरून म्हणायचा, "मॅडम, चहाची बाटली बराबर धुवून आणत जा." मी आईचीच लेक. निमूट घरी येऊन बाटली राखेनं घासायचे. तीनदा घासली.

चौथ्यांदा लॅबच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी ती लघवी फेकू दिली नाही. त्यांनी माझे निळसर कान पाहिले, डोळ्यांतले करडे डाग पाहिले आणि खुर्चीतून उठल्याच.

"लहानपणी दुपटी काळी पडायची का हो?"

मला इतकं हसू आलं की पाठीतून कळ गेली. पुढे मोठ्या तपासणीत पक्कं झालं. अन्नातला एक घटक माझ्या शरीराला जन्मापासून मोडताच येत नाही. तो लघवीत उतरतो, हवा लागली की काळा पडतो, सोड्यानं तर जास्तच. सांध्यांत साचतो तोही तोच. आईबाप दोघांकडून आला तरच हा आजार होतो. बरा होत नाही, असंही त्यांनी सांगितलं. मी पेढे घेऊन घरी आले.

आईनं सगळं ऐकून घेतलं.

"दोघांकडून म्हंजी आत्याकडून बी?"

"बाबांत बहुतेक तिच्याकडूनच आला."

"आन् सोडा?"

"सोड्यानंच वाढत होतं, आई."

मग पदरानं डोळे पुसून तिनं पेढ्यांचा पुडा उचलला आणि थेट शेजारणीचं दार वाजवलं.

"घ्या, तोंड गोड करा," ती म्हणाली. "लेकीला आजार निघाला. धुणं माझं बराबर होतं."