मेलेल्या फोनची टिकटिक

सापगावच्या त्या काकी नसत्या तर आज मी शहापुरात नसतो, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगताना राहून जाईल अशी भीती वाटते. मला तशी बहुतेक गोष्टींची वाटते.

आठवीतून शाळा सोडून मी हिंगोलीकडून इकडं आलो. मुरबाड रस्त्यावरच्या भाताच्या गिरणीत पोती उचलतो आणि गिरणीच्याच ऑफिसात झोपतो. म्हणजे काम गेलं की छप्परही गेलं. एकदा वैशाखऱ्याला तांदूळ पोचवायला गेलो, तर तिथं हौशी वायरलेसवाल्यांचा कॅम्प लागलेला. बटण दाबून एकमेकांशी बोलत होते. थोडं दाबलं की ठिपका, दाबून धरलं की रेघ. याला मोर्स म्हणतात. त्यांच्यातला एक म्हणाला, "शिकून ये, मग बसवू तुला मशीनवर." शाळेचा दाखला कुणी मागितला नाही. परतीच्या वाटेवर मी टेम्पोत एकटाच हसत होतो.

बटण कुठून आणायचं? ऑफिसात तबकडीचा काळा फोन पडलेला होता, त्याची बेल कधीच वाजायची नाही. शेट म्हणाले, "मेलाय तो. कर काय करायचं ते." रिसिव्हर ठेवला की खाली दबतात ती दोन बोंडं, तेच माझं बटण. रिसिव्हरमधली कानाकडची चकती काढून टाकली, बोंडांखाली तारा जोडून छोटा बझर लावला. रोज संध्याकाळी गिरणी थांबली की धडा सुरू. रोज सुरुवात त्याच पहिल्या धड्यानं, नुसते ठिपके, ठरलेल्या क्रमानं.

एका सकाळी एक काकी भाताची पोती घेऊन गिरणीत आल्या. हातात डबा.

"शेट, तुमच्यात मुका कोन हाय?"

"मुका? हितं कुनी मुका नाय. हा एक पोरगा हाय, तो तर गप बसायचं नाव घेत नाय."

"मंग रोज सांच्याला माझ्याकडं फोन कोन करतो? भाच्यानं नंबर बघितला, तुमच्या गिरणीचा हाय. बोलत नाय, नुसतं टिकटिक. मी म्हटलं, बिचाऱ्याला वाचा नाय. इचारलं, जेवलास का रे? तर टिक. म्हटलं, म्हैस विकू का? तर टिक टिक टिक टिक टिक. एवढा नको म्हणतोय म्हटल्यावर ठेवली म्हैस."

मेली होती ती फक्त बेल. जुन्या फोनची बोंडं टकटकवली तरी, जितके ठोके तितका आकडा, असा नंबर लागतो, हे मला कुठून ठाऊक असणार? माझा धडा म्हणजे नेमका काकींच्या घरचा नंबर होता. चकती काढल्यामुळं त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, आणि माझा बझर त्यांना ऐकू जात होता.

शेटनी फोन उलटा करून पाहिला. "मेलेला म्हणून दिला, तू जिता करून ठेवलास! तरी म्हटलं, ह्याचं बिल का येतं! उचल तुझी वळकटी!"

माफी मागायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

"बघा, मुकाच हाय," काकी म्हणाल्या. "ह्याला काढलात तर आमच्या आख्ख्या आळीचं भात दुसऱ्या गिरणीत जाईल. पोरं माझी कल्याणला. कुनी इचारत नाय. ह्याचा फोन कदी चुकला नाय."

"अहो, तो तुमची चौकशी नाय करत! तो शाळा शाळा खेळतोय!"

"खेळू दे ना. तुमाला काय तरास?"

शेटनी काकींनी आणलेली पोती मोजली. "त्या फोनची लाईन तोड आधी," एवढंच म्हणाले, आणि मला पोती उतरवायला लावली.

डब्यात तांदळाची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. मी खात असताना काकी म्हशीचंच बोलत होत्या, आणि शेटनी पुन्हा विचार बदलला तर काय, म्हणून मी दारावर डोळा ठेवून होतो.

कधीतरी मी काकींना आमच्या गावी नेईन. आईला सांगेन, ह्यांच्यामुळं तुझ्या पोराचं छप्पर राहिलं, ह्यांना लवकर ताटावरून उठू देऊ नको. गाडीचं तिकीट मी काढणार, आणि खिडकीची जागा त्यांची.