उमाटे सरांची फुली

नव्वदच्या दशकात पिपरी मेघेत दहावीच्या गणिताची शिकवणी म्हणजे केशव उमाटे सर. मिश्रणाची गणितं ते फुली मारून शिकवत. डाव्या टोकांना दिलेली दोन प्रमाणं, मधोमध हवं असलेलं. मोठ्यातून लहान वजा करायचं, उत्तर तिरपं समोर लिहायचं, झालं गणित. असं का, हे विचारणारा त्यांच्या लेखी रिकामटेकडा. त्यांना स्वतःला तरी ते कुठे ठाऊक होतं!

एका सराव परीक्षेत त्यांनी स्वतःच्या मनाने गणित घातलं. वीस टक्के साखरेचा पाक आणि तीस टक्के साखरेचा पाक कोणत्या प्रमाणात मिसळले, म्हणजे चाळीस टक्क्यांचा पाक होईल? आम्ही फुली मारली आणि ‘एकास दोन’ लिहून मोकळे झालो.

आमच्या वर्गातली आचल तेवढी उभी राहिली. "सर, दोन्ही पाक पातळ हायेत. मिसळून घट्ट कसा होईन?"

"तुले काऊन एवढी पंचाईत? फुली मार ना!" सर खेकसले.

तिने ‘असा पाक होऊच शकत नाही’ असं लिहिलं. सरांनी तिला भोपळा दिला आणि आम्हाला पैकीच्या पैकी.

पुढे दोन हजार पाचमध्ये सरांचा सत्कार झाला. शाल आली, श्रीफळ आलं, आणि माइकवर कुणीतरी म्हणालं, "सरांच्या विद्यार्थ्यांनी पेपरात एकही गणित कधी कोरं सोडलं नाही."

सर तृप्तपणे मान डोलवत होते. त्या वक्त्याचं खरंच होतं. जे गणित जगात कुणालाच सुटणार नव्हतं, तेही सरांनी आचल सोडून अख्ख्या वर्गाकडून सोडवून घेतलं होतं.